अर्धा तांब्या कपिलधारचं पाणी

माझी नवी मोटरसायकल आमच्या गावातून, युसूफ वडगावातून, पहिल्यांदा लांबच्या वाटेला लागली, तेव्हा गल्लीतली माणसं दारात येऊन उभी होती आणि मी मुद्दाम हळू चालवत होते. त्यांना वाटलं, बाईमाणूस भितंय. खरं तर एक म्हणजे इंजिन नवं होतं, आणि दुसरं म्हणजे गाडी सगळ्यांना नीट बघता यायला हवी होती. विजेच्या खांबांवर चढून मिळवलेल्या पगारातून घेतली आहे. एवढा मान तिचा आहेच.

मागे माय एका अंगाने बसली होती. हेल्मेट घालायला ती कबूल झाली, पण पदर डोक्यावरून ढळू देणार नव्हती, म्हणून पदर हेल्मेटच्या वरून आला. मांडीत रिकामा पितळी तांब्या.

हा तांब्याच आमच्या प्रवासाचं कारण. दसरा झाला की ऊसतोडीला निघण्याआधी कपिलधारच्या धबधब्याचं पाणी आणून बैलगाडीच्या चाकावर घालायचं, ही आमच्या घरची रीत. गेलेलं चाक त्यामुळे सुखरूप परत येतं म्हणे. तांब्याला झाकण लावायचं नाही, वर फक्त पळसाचं पान. आणि घरी येईपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. यंदा घरातलं कोणीच तोडीला जाणार नव्हतं. बैलगाडीही उन्हाळ्यात विकून टाकली होती. तरी माय म्हणाली, "रीत मोडायची न्हाई. पर तुझ्या फटफटीवर न्हाई माय, हिसके देती ती. मी आपली एसटीनं जाते, दरसालासारखी."

मला ते फार लागलं. ही गाडी मी घेतली तीच तिला मागे बसवून फिरवता यावं म्हणून. शेवटी आमचं ठरलं: पाणी धड घरी पोचलं तर ती पुढेही माझ्या गाडीवर बसेल, नाहीतर कायमची एसटी.

शोरूममधल्या मिस्त्रीने मला बजावून सांगितलं होतं. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत इंजिन ताणायचं नाही, एकाच वेगाने धरून चालवायचं नाही, चढावर वरच्या गिअरात रखडवायचं नाही. आतले भाग घासून एकमेकांवर बसायला वेळ लागतो. सुरुवातीला मूठ पिळली की गाडी जरा विचार करून हलायची. आता थोडी सैलावली होती. शिवाय डाव्या हाताशी एक बटण आहे, त्यावर तीन मोड: रेन, रोड आणि स्पोर्ट. मूठ तेवढीच पिळा, रेनवर इंजिन सावकाश ऐकतं, रोडवर लगेच, आणि स्पोर्टवर सांगायच्या आधीच. मायसाठी मी रेनवर ठेवली होती.

केज गेलं, नेकनूर गेलं. मांजरसुंब्याजवळ वळून डोंगरात शिरलो तेव्हा माय मागून म्हणाली, "झोपच आली बग." याहून मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

कपिलधारला धबधबा अजून जोरात होता. दोन्ही बाजूंना हिरवी दरी, पायऱ्यांवर ओल्या पावलांची गर्दी. मंदिरात डोकं टेकवून माय थेट तुषारांत जाऊन उभी राहिली, तांब्या काठोकाठ भरला आणि पानावर अंगठा दाबून वर आली. वय विसरून भिजली होती.

परतताना नेकनूरला चहासाठी थांबलो. घरून धपाटे (मसाला घालून थापलेली भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. माय जेवायला बसली म्हणून तांब्या मी धरला, आणि दोन्ही हात गुंतल्याने किल्ली गाडीलाच राहिली. तेवढ्यात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक गडी आला आणि न विचारता गाडीवर बसला. आमच्याकडे नवी गाडी दिसली की तिच्यावर बसून बघण्याचा हक्क सगळ्या जिल्ह्याला असतो.

"ताई, लई भारी घेतली. पिकअप कसाय?" त्याने किल्ली फिरवली, दोन बटणं दाबली, खुशीत मान हलवली. मी ओरडेपर्यंत उतरलाही.

माय तांब्या घेऊन मागे बसली. मी नेहमीएवढीच मूठ पिळली आणि गाडीने अशी उडी घेतली की पाणी मायच्या मांडीवर आणि माझ्या पाठीवर. समोर बघते तर पडद्यावर 'स्पोर्ट'.

"अहो, मोड कोणी बदलला?" मी कडाडले.

"म्याच," तो अभिमानाने म्हणाला. "पाऊस कुठंय ताई? रेनवर कावून ठेवली? चांगल्यावर टाकून दिली."

त्याला खरंच वाटत होतं की त्याने उपकार केले. पाऊस सतत हुलकावणी देतो अशा आमच्या मुलखात कोरड्या दिवशी गाडी रेनवर ठेवणारी मी त्याला वेडीच वाटली असणार. तरी मी त्याला सुनावायचं ते सुनावलंच.

माय तांब्यात डोकावली. "अर्धं ऱ्हायलंय. एसटी कवा हाय आता?"

"माय, यातला एक थेंब सांडला तर मी तुला परत कधी बस म्हणणार नाही."

तिने खाली उतरून तांब्या माझ्या हाती दिला. मग साडी पिळली आणि तांब्या घेऊन परत बसली. मी मोड दोनदा तपासला.

पुढे रस्त्यात एका ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या भरून ऊसतोडीची टोळी निघाली होती. चुली, पत्रे, कोंबड्या, माणसं. मला घाई करायची नव्हती. मागच्या ट्रॉलीच्या फळीला धरून बसलेल्या बाईने तांब्या ओळखला.

"मावशे, कपिलधारचं का? तुमी कोन्या कारखान्याला औंदा?"

"कुठंच न्हाई बाई," माय मोठ्याने म्हणाली. "आमी घरी चाललोय. लेकीच्या गाडीवर."

त्या बाईने तिथूनच तांब्याला हात जोडले.  जन्मभर मायने या दिवसांत घर मागे टाकलं होतं, आणि आज ती भर रस्त्यात ओरडून सांगत होती की घरी चाललोय. रस्ता मोकळा दिसताच मी एक गिअर खाली घेतला, मूठ हळूहळू उघडली, आणि नव्या इंजिनाने एकही हिसका न देता आम्हाला ट्रॅक्टरच्या पुढे नेलं. पळसाचं पान जागचं हललं नाही.

घरी पोचलो तेव्हा तांब्यात अर्धं होतं तेवढंच होतं. माय उतरली आणि सवयीने अंगणातल्या खोपीकडे गेली. तिथे आता बैलगाडी नव्हती. मला वाटलं पाणी आता देव्हाऱ्यात जाईल. पण ती मागे फिरली आणि तिने सगळं पाणी माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकावर घातलं.

"तू रोज खांबावर चढायला जातीस," ती म्हणाली. "या घरातून जानारं चाक आता हेच हाय. रोज सांजंला परत येऊ दे."

शोरूममध्ये नारळ फुटला होता, चाकाखाली लिंबं चिरडली होती. तरी गाडी आमच्या घरची झाली ती त्या ओल्या चाकाने. मी हेल्मेट काढत बसले. माय पायरीवरून वळली.

"आन पुढल्या साली च्याला थांबलं की किल्ली माज्याजवळ दे," ती म्हणाली. "तांब्या भरून आनायचाय."