गवताची अंघोळ

मांजरशेपटी गवतातून एकदा चालून या. कुसळं लुगड्याला अशी बसतात की झटकून जात नाहीत, एकेक वेचावं लागतं. नव्वदीच्या सालांत सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी या गवताच्या प्रयोगावर होते. तिथले किस्से मला तसेच चिकटलेत. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मी शिकले. तेव्हा माझं शुद्धलेखन तपासायला कुणी येऊ नये!

*

मगदूम सर परदेशातून शिकून आले आणि त्यांनी मला कुंड्यांना पाणी घालायला ठेवलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, जग सोडून गवतच का?"

"आक्का, हे बुटकं आहे, दोन-अडीच महिन्यांत पेरलेल्याचं बी हातात येतं, आणि ज्वारी-बाजरीच्या भावकीतलं आहे. याची आनुवंशिकता उलगडली की त्यांचीही उलगडायला मदत होईल."

"म्हंजे औषध आदी उंदराला देत्यात, तसं?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तर सरांनी त्यांना हेच वाक्य ऐकवलं. माझं नाव न घेता!

*

कवठे महांकाळला चार गुंठ्यांत गवत पेरलं. सरांनी तिथल्या बायकांना "भांगलून घ्या, तण ठेवू नका" म्हणून सांगितलं आणि मीटिंगला निघून गेले. मी त्या दिवशी सांगलीत, म्हणूनच हे झालं!

संध्याकाळी येऊन बघतात तर रान अंगणासारखं स्वच्छ. गवताची काडी शिल्लक नाही. मधोमध बाजरीची तीन ताटं, कुठून तरी उगवलेली, त्यांना छान आळी करून पाणी घातलेलं.

मुकादमीण म्हणाली, "तीनच व्हती सायेब, पन लय जपली बगा!"

*

सरांचे वडील, आबा, कडेगावचे ऊसवाले. एकदा लेकाचं काम बघायला आले. काचेची खोली, पंखा, कुंडीगणिक चिठ्ठी. बघून म्हणाले, "आमच्या उसाला पानी न्हाई, आनि हतं गवताला पंखा?"

सरांनी अर्धा तास समजावलं. आबांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पन लगीन येळंवर कराय पायजे व्हतं."

*

या गवताचं बी पिकलं की गळतं, म्हणून प्रत्येक कणसाला कागदी पिशवी घालायची. एकदा पिशव्या वेळेवर आल्या नाहीत. सुनीता, सरांची विद्यार्थिनी, घरून भावाच्या लग्नपत्रिकांची उरलेली पाकिटं घेऊन आली. दोनशे कणसांवर गणपती आणि 'आग्रहाचे निमंत्रण'!

सर दारातच थबकले. "हे कुणाचं लग्न?"

मी म्हटलं, "ह्येंचंच. पन सोयरीक जुळंना की!"

*

ते मात्र खरंच होतं. हे गवत आपलं आपणच फळतं, दुसऱ्याचा पराग घेत नाही. दोन जातींचा संकर झाल्याशिवाय आनुवंशिकता कळायची कशी? दोन वर्षं झाली, एकही संकर लागला नव्हता. पावसाळ्यात प्रयोगाला पैसे देणारी दिल्लीची कमिटी येणार होती. तोवर नाही जमलं, तर प्रयोग बंद आणि आम्ही घरी.

फूल खसखशीएवढं. सर आणि सुनीता भिंग लावून चिमट्यानं त्यातले परागकोश काढायचे, आणि अख्खं फूलच मोडायचं. मी म्हटलं, "द्या माज्याकडं."

सर म्हणाले, "आक्का, हे शिकलेल्या माणसांचं काम आहे."

"मग शिकलेल्या मानसांनी काय केलंय, ते दिसतंयच की!"

शेवटी सरांनी कुठंसं वाचलं की कणीस गरम पाण्यात बुडवायचं. पराग मरतो, स्त्रीकेसर जगतो. पाणी जास्त तापलं तर कणीस शिजतं, कमी तापलं तर पराग जगतो. थर्मामीटर एकच होता. तो सुनीताच्या हातून फुटला. नवा पुण्याहून यायला आठ दिवस, आणि कणसं उद्या फुलणार!

सरांनी डोकं धरलं. मी बाही वर केली आणि पाण्यात कोपर घातलं. गल्लीतली सगळी बाळं मीच न्हाऊ घातलीत. बाळाचं पाणी कोमट, बाळंतिणीचं कडक. हे त्या दोन्हींच्या मधलं.

"आता बुडवा," मी म्हटलं.

त्या कणसांवर सुनीतानं दुसऱ्या जातीचा पराग झटकला. आई हिरव्या दांड्याची, बाप जांभळ्या. पोर जांभळं निघालं तर सोयरीक खरी. बी धरलं, पेरलं, उगवलं. अकरा रोपं जांभळी! सरांनी कुंड्यांपुढं बसकणच मारली.

कमिटीचे तीन साहेब आले. रोपं बघून खूश झाले. मोठ्या साहेबांनी पेन काढलं. "टेंपरेचर?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी बादलीत पाणी काढलं. तिघांनी कोट उतरवले, बाह्या दुमडल्या, कोपरं बुडवली. एक म्हणाला हॉट, दुसरा म्हणाला कोल्ड, तिसरा म्हणाला परफेक्ट. जुंपलीच!

मी विचारलं, "साब, कभी बच्चा नहलाया है?"

मोठ्या साहेबांनी रुमालानं कोपर पुसलं आणि फायलीत काहीतरी लिहिलं.

महिन्यानं पत्र आलं. सुनीतानं मोठ्यानं वाचलं. प्रयोगाला तीन वर्षं वाढ. खाली आम्ही मागितलेल्या उपकरणांची यादी होती. त्यात थर्मामीटरवर काट मारलेली, आणि पुढं टाइप केलेलं:

'कोपर, एक नग. संस्थेत उपलब्ध.'