जास्त दुधाचे आभाळ

आमच्या कुटुंबात सध्या एक कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते आणि ती खोटी आहे. माझ्या धाकट्या भावाची नात पुण्यात संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी एक संपूर्ण ग्रह उभा केला आहे. खेळणारा त्या ग्रहाच्या जमिनीवर चालतो, यानात बसून वर निघतो, आणि निळे आकाश विरत विरत काळे होईपर्यंत मध्ये कोठेही खंड पडत नाही. त्या ग्रहावरचे ऊन आणि हवा हे तिचे काम. कथा अशी की, हे ज्ञान तिला बिलोलीकडच्या शेतात, आजोबाच्या बाजेवर पडल्या पडल्या मिळाले.

मी ती प्रथम ऐकली नांदेडला, एका लग्नाच्या पंगतीत. भाऊ शेजारच्यांना सांगत होता, "आभाळ कसं रंग बदलतंय ते म्याच दाखवलं तिला. बाजेवर पडून लेकरू बघत ऱ्हायचं."

"त्या बाजेवर तुझा कुत्राही पडतो," मी म्हणालो. "त्याने कोणता ग्रह केला?"

लोक हसले. भाऊ सर्वांत जास्त हसला. त्याचे हे हसणे मला लहानपणापासून सोसवत नाही. वाद घालावा तर समोर कोणी उभेच नाही, असे होते.

वस्तुस्थिती अशी आहे. मी लातूरच्या महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत भौतिकशास्त्र शिकवले. आकाश निळे का आणि मावळता सूर्य तांबडा का, हे मी फळ्यावर कधीच सांगितले नाही, करून दाखवले. काचेचा उभा ग्लास पाण्याने भरायचा, त्यात दुधाचे मोजके थेंब टाकायचे आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने बॅटरीचा झोत सोडायचा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते, समोरून पाहिले तर झोत नारिंगी. दुधाचे कण निळा प्रकाश इकडेतिकडे उधळतात आणि तांबडा बराचसा सरळ जाऊ देतात. हवाही तेच करते. ही मुलगी शाळेत असताना एका सुट्टीत आमच्याकडे राहिली होती, तेव्हा हा प्रयोग तिने माझ्या स्वयंपाकघरात पाहिला. बाजेवर नव्हे.

माझा एक मुलगा बँकेत आहे, दुसऱ्याचे कापडाचे दुकान आहे. नातवंडांपैकी कोणी तो ग्लास मागितला नाही. आणि शाळा सुटल्यावर ज्याने पुस्तकाला हात लावला नाही, त्याच्या घरात माझा विषय जन्माला आला. याला कोणी योगायोग म्हणेल. मी अन्याय म्हणतो.

मे महिन्यात ती गावी आल्याचे कळले. निकाल तिच्याच तोंडून लागावा म्हणून मी तोच ग्लास टॉवेलात गुंडाळला, बॅटरी घेतली आणि लातूरहून बस धरली.

"दादा, एवढ्या उन्हात काय करून राहिले इकडं?" भावाने दारातच विचारले.

"साक्ष काढायला आलो आहे."

"काढा की. आधी पाणी तर प्या."

तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. ग्रहाच्या कडेला हवेची एक बारीक निळी रेघ उजळली, मग सूर्य वर आला, आणि डोंगरांच्या सावल्या दरीतून हळूहळू मागे सरकल्या. दूरचे डोंगर जवळच्यांपेक्षा निळे होते, जसे असायला हवेत. मी आयुष्यभर जे ग्लासभर दाखवले ते या पोरीने ग्रहभर केले होते. मी चूक शोधत राहिलो, ती सापडत नव्हती.

"आधी हे असं नव्हतं, मोठे आजोबा," ती म्हणाली. "सूर्य बुडाला की आमच्याकडे एकदम काळोख व्हायचा, आणि धुळीचं आकाश भर दुपारी चिखलासारखं दिसायचं. बरेच महिने अडकले होते. मग तुमचा तो ग्लास आठवला."

मी भावाकडे पाहिले आणि टॉवेलाची गाठ सोडू लागलो.

"म्हणजे तो चांगला नाही. बिघडलेला," ती म्हणाली.

झाले होते ते असे. मी बॅटरीचे सेल आणायला गेलो असताना तिने आणखी दूध ओतले होते. ग्लास पांढराफटक झाला. निळे गेले, नारिंगी गेले. मी 'प्रयोग वाया गेला' म्हणालो. भाऊ त्याच दिवशी तिला न्यायला आला होता. त्याने ग्लास बॅटरीसमोर धरला, 'वाया कशाला, आपलं उन्हाळ्याचं आभाळ असंच तर असतंय' म्हणाला आणि पिऊन टाकला.

"आम्ही प्रकाश एकाच कणावर एकदाच आपटतो असं धरलं होतं," ती म्हणाली. "खरं तर तो आपटत आपटत पुढे जातो, सगळे रंग मिसळतात, आणि ग्लास पांढरा होतो. तेवढं गणितात घातलं आणि आकाश उजळलं."

"म्हंजे म्याच सांगितलं की!" भाऊ म्हणाला.

"दूध माझे होते."

"अन् पिलं कोण, दादा?"

सगळे घर हसले. मी येथे स्पष्ट नोंदवतो की, दूध जास्त झाल्यावर पांढरे का होते, हे मी त्याच दिवशी सांगितले होते. तिला ते आठवत नाही. भावाला आठवायचा प्रश्नच नाही.

"मोठे आजोबा, पुन्हा करून दाखवा ना," ती म्हणाली. खिडक्या लावल्या. मी थेंब टाकले; निळे आले, नारिंगी आले, हात अजून स्थिर आहे. तेवढ्यात भावाने दुधाचे पातेले तिच्यापुढे सरकवले आणि तिने ओतले. ग्लास पांढरा झाला. तिने खिडकी उघडली, तर बाहेर शेतावरचे दुपारचे आभाळ अगदी तसेच होते.

"दिसलं का?" भाऊ म्हणाला आणि ग्लासासाठी हात पुढे केला.

त्याच्या आधी मी तो उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. साखर नव्हती.