स्पीकरची तार माझ्या हातात होती

भूतबित मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण गेल्या महिन्यात याच सदरात रफीकच्या 'झपाटलेल्या' अॅम्पची गोष्ट वाचली आणि डोकं फिरलं. लिहिणारे गृहस्थ म्हणतात, अॅम्प भंगारातल्या सामानाचा होता, म्हणून जळला. अहो, आपण तिथे होतात का? मी होतो... स्टेजवर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्वेनगरातल्या एका हॉलमध्ये आमच्या ऑर्केस्ट्राचा दुपारचा कार्यक्रम होता. रफीक मुख्य गिटारिस्ट, मी दुसरा. गिटारचा आवाज वाढवणारा, जुन्या रेडिओसारखा वॉल्व्हचा अॅम्प त्याने स्वतः बांधलेला, खुर्चीवर मावेल एवढा. आवाज गोड, पण हॉलला पुरणारा नाही. म्हणून त्याने आतला छोटा स्पीकर सोडवून तो ऑर्केस्ट्राच्या कपाटाएवढ्या स्पीकर कॅबिनेटला जोडला. मला बजावलं, "अॅम्प चालू असताना ही तार काढायची नाही. वॉल्व्हला स्पीकर लागतोच, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो."

"आणि तू वाजवायचा थांबलाच नाहीस तर?"

"तर ऐकत बस. तेवढं तुला जमेल."

तबलजी फसकन हसला. मला ते लागलं.

कार्यक्रमात रफीकच्या सोलोला वन्स मोअर आला. तो पुन्हा सुरू झाला, तसा मी कॅबिनेटमागे वाकलो आणि तार उपटली.

गिटार थांबली नाही. तार माझ्या मुठीत, आणि कॅबिनेट तितक्याच जोरात वाजतंय... पुढच्या कापडावर हात ठेवला, ते थरथरत होतं. शेवटच्या सुरापर्यंत वाजलं. मगच अॅम्पमधून धूर आला. मी तार परत खोचून ठेवली.

ऑर्केस्ट्राचे मालक सगळ्यांदेखत रफीकला म्हणाले, "मिस्त्री, घरचा रेडिओ आता घरीच वाजवा."

रफीकने माझ्याकडे पाहिलं. "तार निघाली होती का रे?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर कुठल्याच ऑर्केस्ट्राने त्याला बोलावलं नाही.

माझा इंजिनियर पुतण्या म्हणतो, "काका, स्पीकर नसला की ट्रान्सफॉर्मरच बारीक गुणगुणतो. तेच ऐकलं असेल तुम्ही." बारीक? शेवटच्या रांगेतली माणसं ताल धरत होती! आणि ते थरथरणारं कापड?

रफीक आता विश्रांतवाडीला असतो. हे सदर त्याची नात त्याला वाचून दाखवते, असं कळलं. बाळ, हे जरा मोठ्याने वाच — तुझ्या आजोबांचं काम चोख होतं. तार मी काढली. आवाज का थांबला नाही, ते मला अजून कळलेलं नाही.