मास्तरांचे लाल कान

आधी चहा संपवा तुम्ही. हे सांगताना मी हसते, ऐकणारा हसतो, आणि मग कप कुणाचा लवंडला यावरून वाद होतो. माझी फजिती आहे, कुण्या दुसऱ्याची नाही, म्हणून बिनदिक्कत सांगते.

मी शिकलेय चौथीपर्यंत. पण माणसाचं अंग वाचायला मला आत्यानं शिकवलं. आत्या सुईण होती. ती म्हणायची, तोंड खोटं बोलतं, अंग बोलत नाही. रागावलेल्याच्या नाकपुड्या बघ, लपवणाऱ्याचे कान बघ. तेव्हापासून मी गल्लीभर नाकपुड्या आणि कानच बघत आलेय. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत.

तर आमच्या शेजारी दामू मास्तर राहायचे. मराठी शाळेत मास्तर, बायको वेणूबाई. माणूस गाईसारखा गरीब. मी त्यांच्याहून वयानं मोठी, राखी बांधायची त्यांना, आणि ते मला अक्का म्हणायचे. आमची आणि त्यांची भिंत एक. भिंतीला कान असतात म्हणतात ना? त्या भिंतीला माझेच होते.

तेव्हा नवं राज्य नुकतंच झालेलं. आमच्या बुऱ्हाणपूरच्या कचेऱ्यांची तोंडं नागपूरकडून भोपाळकडे फिरली होती. जो तो विचारायचा, आता आपलं कसं होणार? आमचे हे म्हणायचे, "आपल्या गावच्या केळीला काय फरक पडतो? ती नागपूरच्या राज्यातही वाकडी होती, भोपाळच्याही राज्यात वाकडीच राहील."

पण मास्तरांना फरक पडला. म्हणजे असं मला दिसलं.

आधी जेवण सुटलं. वेणूबाईनं वांगी भाजून भरीत केलेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. त्या वासानं मी भिंतीपलीकडून उठून गेले, आणि मास्तर ताटावरून उठले. मग थंडीच्या दिवसात कपाळाला घाम. सकाळी पुन्हा पुन्हा लोटा घेऊन परसाकडे धाव. कप हातात घेतला की बशी वाजायची. आणि एकटे बसले की असा सुस्कारा सोडायचे की ओसरीवरची चिमणी उडायची.

एकदा प्रसाद द्यायच्या निमित्तानं मी त्यांचं मनगट धरलं. नाडी काय पळत होती म्हणता! टांग्याचा घोडा बरा.

"मास्तर, तब्येत?"

"बरी आहे, अक्का."

तोंड म्हणालं बरी आहे. कान मात्र लालबुंद.

मी यांना सांगितलं, "मास्तरांना काहीतरी झालंय."

"पोट बिघडलं असेल."

"पोट बिघडलं की कान लाल होतात का?"

"तुझं ऐकलं की माझेही होतात," हे म्हणाले, आणि अडकित्ता शोधायला लागले.

भूक नाही, झोप नाही, घाम, धडधड, सुस्कारे. तुम्हीच सांगा, काय निघतं यातून? मी तर सगळी लक्षणं जुळवून बसले होते. नाव तेवढं हवं होतं.

तेही मिळालं. मास्तर रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून तापीवरच्या राजघाटाच्या बाजूला जायचे. घरी सांगायचे, फिरायला जातो. आणि त्याच रस्त्याला, घाटाच्या अलीकडे, जबलपूरहून आलेल्या एका बहनजीनं खोली घेतली होती. मास्तरांच्या शाळेत हिंदी शिकवायला नव्यानं आलेली. मी तिला पाहिलेलं नव्हतं. पण जबलपूरची, शिकलेली, एकटी राहणारी, एवढ्यावर माझ्या डोळ्यांपुढे जी उभी राहिली ती चांगली पंचविशीची होती, केसात गजरा माळलेली.

खात्री करावी म्हणून मी मास्तरांना चहाला बोलावलं. चार गोष्टी इकडच्या तिकडच्या केल्या आणि मध्येच म्हटलं, "ती नवी बहनजी फार छान शिकवते म्हणे?"

मास्तरांना ठसका लागला. चहा धोतरावर. कान असे पेटले की त्यावर पापड भाजावा.

झालं. मी तडक वेणूबाईकडे.

"वेणू, बस खाली. घाबरू नको."

कुणाला घाबरवायचं असलं की हेच वाक्य म्हणतात, हे तेव्हा लक्षात नाही आलं माझ्या. वेणूचे हात पिठात होते. मी एकेक लक्षण सांगत गेले, ती एकेक गोळा परातीत आपटत गेली.

"अक्का, यांना साधं भांडता येत नाही, हे प्रेम कुठून करणार?"

"गरीब माणसंच करतात. भांडणाऱ्याला वेळ कुठे असतो?"

"मला तर म्हणाले, फिरून आलं की बरं वाटतं."

"मग? बरं वाटणारच."

वेणूच्या नाकपुड्या फुलल्या. गळ्याची शीर टरारली. हात थरथरायला लागले तशा बांगड्या वाजू लागल्या. संसार मोडायला निघालेला दिसला की बाईचं अंग असंच होतं, आणि मला वाटलं, बरं झालं मी वेळेवर सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघी मास्तरांच्या मागे निघालो. तापीकडून गार वारा येत होता, पण वेणूच्या अंगातून नुसती वाफ निघत होती.

मास्तर त्या खोलीत शिरले. दार लोटलेलं. आम्ही ओट्यावर चढून कान लावला. आतून मास्तरांचा कापरा आवाज आला, "आपके आने से... हमारा हृदय... हमारा हृदय..."

पुढे काही निघेना. वेणूला तेवढं पुरलं. तिनं दार ढकललं.

आत काय होतं सांगू? खुर्चीवर पन्नाशी उलटलेली एक बाई. केस पांढरेफेक, नाकावर चष्मा, हातात लाकडी पट्टी. आणि तिच्यासमोर आमचे मास्तर हाताची घडी घालून, मान खाली, धडा न येणाऱ्या पोरासारखे उभे.

मला वाटलं, आपण आता हळूच मागच्या मागे जावं. पण वेणूनं माझा पदर धरून ठेवलेला. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

आता आमच्या बुऱ्हाणपूरची एक रीत सांगते. इथे मराठी माणूस देवाशी मराठीत बोलतो, बायकोशी मराठीत बोलतो, पण भांडण कडाक्याचं झालं की आपसूक हिंदीवर जातो. मराठीत भांडलं तर भांडल्यासारखं वाटतच नाही आम्हाला. मास्तर जन्मात कुणाशी भांडले नव्हते. त्या दिवशी भांडले.

"अक्का! आपको दूसरों के घर में झाँकने के सिवा कोई काम नहीं है? मैं यहाँ अपनी रोटी बचाने आता हूँ, और आप मेरे पीछे-पीछे मेरी इज्जत उतारने चली आईं? आज दीवार से कान लगाया, कल छप्पर उठाकर देखेंगी?"

असं बरंच. न अडखळता, न थांबता. आवाज खणखणीत, छाती पुढे, हात जराही कापत नव्हता. मी तर ऐकतच राहिले. इतकं सुरेख मला आजवर कुणी बोललेलं नव्हतं.

बहनजींनी पट्टी खाली ठेवली. "वाह मास्टरजी. इतने दिनों से मैं यही तो माँग रही थी."

मग उलगडलं. भोपाळहून खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते. मास्तरांनी सगळ्यांसमोर हिंदीत स्वागताचं भाषण करायचं, आणि मग साहेबांपुढे वर्ग हिंदीत घ्यायचा. ज्याला जमणार नाही त्याची बदली, ती कुठल्या कुठे. बाजारात मास्तरांची हिंदी ठीक चालायची. पण साहेब नुसता मनात आला की जीभ टाळूला चिकटायची, पोटात कळ यायची, घाम फुटायचा. म्हणून बहनजींकडे चोरून शिकवणी, आणि बहनजींचीही भीती वेगळीच.

"घरी का नाही सांगितलं?" वेणूनं विचारलं.

"बदलीचं ऐकून तुझी झोप गेली असती."

वेणूचा राग कुठल्या कुठे गेला आणि ती रडायला लागली. रडतानाही बांगड्या वाजतच होत्या, कारण हात अजून थांबले नव्हते.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. हे सुपारी कातरत म्हणाले, "भ्यायलेल्याची आणि प्रेमात पडलेल्याची लक्षणं एकच असतात. मी दोन्ही भोगलंय. दोन्ही वेळा समोर तूच होतीस."

तपासणीच्या आदल्या दिवशी बहनजींचा निरोप आला. मी शाळेत यायचं, पहिल्या रांगेत बसायचं. काही करायचं नाही, बोलायचं तर नाहीच. नुसतं बसायचं.

मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. साहेब खुर्चीवर, त्यांच्या शेजारी बहनजी, मागे खिडकीशी वेणू. मास्तर उठले. धोतरातले पाय थरथरताना मला दिसत होते.

"आदरणीय..." म्हणाले आणि थांबले. "आदरणीय..." परत थांबले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. खिडकीशी वेणूनं डोळे मिटून घेतले.

मी काही मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. साहेबांच्या मांडीवर फाईल उघडी होती आणि त्यात काय लिहिलंय ते मला बसल्या जागेवरून नीट दिसत नव्हतं. म्हणून जरा मान लांब केली, एवढंच.

मास्तरांची नजर माझ्यावर पडली. कान लाल झाले. नाकपुड्या फुलल्या. पाय थांबले. आणि मग काय ती हिंदी, तापीला पूर आल्यासारखी. साहेब फाईल मिटून ऐकत राहिले. वर्ग तर मास्तरांनी असा घेतला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसली. अधूनमधून नजर माझ्याकडे होतीच.

बदली टळली. वेणूनं वाटीभर रव्या-साखरेचा दराबा आणून दिला. साहेबांनी जाताना माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ये कौन हैं?" मास्तर म्हणाले, "जी, इन्हीं की प्रेरणा है." मी कितीतरी दिवस गल्लीत मान ताठ करून फिरले. चौथी शिकलेली बाई, पण मास्तरांची हिंदी माझ्यामुळे.

पुढे एकदा वेणूनं माझं एक जुनं लुगडं मागून नेलं. गोधडीला हवं असेल म्हणून मी दिलं. पण गोधडी काही दिसेना, तेव्हा मी त्यांच्या खिडकीतून जरासं आत पाहिलं.

लुगडं खुंटीला टांगलेलं होतं. मास्तर त्याच्यासमोर उभे राहून, डोळे वटारून, दुसऱ्या दिवशीचा धडा हिंदीत म्हणत होते.