अजगरासाठी आणलेला उंदीर

धंतोलीतल्या घरमालक डॉक्टरांनी परदेशी अजगर पाळला होता. ते गावाला जाताना त्याला जेवू घालायचं काम माझ्यावर आलं, कारण मी प्राणिशास्त्राचा पदवीधर, आमच्या घराण्यातला पहिलाच. जिवंत उंदीर पेटीत सोडून मी चहा करायला वळलो.

कुही गावाहून आलेले माझे बाबा, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जन्मभर उंदरांशी लढलेले, म्हणाले, "चालला कुठं गा? सापाले भूक नसन तर उंदीरच त्याले कुरतडन."

मी हसलो. पाच मिनिटांत उंदीर अजगराच्या पाठीला दात लावू लागला. बाबांनी डबा आडवा धरून उंदराला आत घेतलं आणि मूठभर तांदूळ टाकले. "हा बी उपाशीच हाय."

डॉक्टरांना मी फोनवर कळवलं, "अजगर सुखरूप आहे, आज भूक नव्हती."

"शिकलेला माणूस असला की काळजी नाही," ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.