पौर्णिमेची रजा

साहेबांनी भांडं बुटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवलं. स्टीलचं, रुंद तळाचं. आत भात, वर कोंबडीचे पाय. ठाण्याच्या मागे गाड्या धुतात तिथल्या ओल्या फरशीवर. भांड्याच्या कडेला लाल रंगात आकडा होता: सात. तो सात म्हणजे मी.

नगररक्षक दलातली माझी पहिली पौर्णिमा. चंद्र नुकताच वर आला होता आणि मी नुकताच खाली आलो होतो. चार पायांवर.

"तिन्नू, हुण्णिमे," गंगाधर म्हणाला. खा म्हणाला. गंगाधर म्हणजे माझा पट्टा धरणारा हवालदार. हुण्णिमे म्हणजे कन्नडमध्ये पौर्णिमा. आम्हा लांडगेमाणसांना अख्खं बेंगळूर त्याच नावानं ओळखतं. शाळेतल्या हजेरीपासून ऐकत आलोय.

इथं एखादा ताठ कण्याचा माणूस लिहील की मी ते भांडं उलथवलं. मी चाटूनपुसून खाल्लं. कोंबडी बरी होती. साहेब "शाबास" म्हणाले आणि माझी शेपटी हलली.

ज्यांना शेपटी नाही त्यांना सांगतो. ती आपलं ऐकत नाही. तोंडानं खोटं बोलता येतं, डोळे खाली घालता येतात. पण कुणी शाबास म्हटलं की मागे ती आपली चालूच.

आमच्या घरी असं नव्हतं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले. इथल्या बाकीच्या मराठी घरांचे घोड्यावरून आले. आमचेही आले, पण महिन्यातून एक दिवस घोडे त्यांना जवळ उभं राहू द्यायचे नाहीत. तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि पौर्णिमेला दोन्ही बंद. बाबा, अक्का आणि मी, तिघं चार पायांवर. आई तेवढी दोन पायांवर. ती लग्न होऊन आलेली. ती तीन उंच स्टुलं मांडायची, वर केळीची पानं, आणि वाढायची. एकदा घाईत मी खाली सांडलेला भात चाटायला गेलो तर कानफटात बसली. लांडग्याच्या कानफटात. आई म्हणाली, "पाय किती ते चंद्र ठरवतो. जेवण कुठं मांडायचं ते मी ठरवते."

आई गेली. मी नोकरीला लागलो आणि फरशीवर जेवलो.

नोकरीचंही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. आमच्यातला दलात घेतलेला पहिला माणूस मी. भरतीच्या दिवशी कारकुनानं कागदांचा गठ्ठा पुढे केला. एका कागदावर छापलेलं होतं: अर्जदारास दर पौर्णिमेस रजा मंजूर व्हावी. मला भरून आलं. म्हटलं, काय दिलदार खातं आहे! लफ्फेदार सही ठोकली. गल्लीत म्हैसूरपाक वाटला. पौर्णिमेला रजा असेल तर त्याच संध्याकाळी ठाण्यावर का बोलावलंय, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. डोकं मोठं असून उपयोग काय?

दीड वर्ष मी बिनबोभाट कुत्रा होतो. चांगला कुत्रा. एकदा तर साहेबांच्या नातवानं चेंडू फेकला आणि मी आणून दिला. कुणी सांगितलं नव्हतं.

मग सुंदराचं प्रकरण झालं.

जे. पी. नगरमधल्या एका मोठ्या सोसायटीबाहेर दिवसा माझी गस्त असायची. खाकी, टोपी, शिट्टी. तिथं सुंदरा चार घरची कामं करायची. चिकोडीकडची. मी फोनवर अक्काशी मराठीत बोलताना तिनं ऐकलं आणि थांबली. "आण्णा, तुमी आपल्यातलं व्हय!" म्हणाली. त्यानंतर रोज जाता-येता दोन वाक्यं. कधी शेंगदाण्याची चटणी. मी महिन्यातून एकदा कोण असतो ते तिला ठाऊक होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "माजा दीर दारू पिऊन रोजच असतोय की तसा," म्हणाली.

गेल्या पौर्णिमेला संध्याकाळी त्या सोसायटीतून फोन आला. अध्यक्षांच्या बायकोची सोन्याची पाटली गेली होती. चंद्र उगवला, मी बदललो, गंगाधरनं पट्टा घातला, जीपमध्ये मागे चढवलं.

तळघरात, गाड्या लावतात तिथं, कामवाल्या बायका आणि वॉचमन रांगेत उभे केले होते. अकरा जण. सोसायटीची माणसं समोर बघायला. त्यांच्या पुढे अध्यक्ष, झब्बा घालून. मला पाटलीची मखमली डबी हुंगायला दिली. नियम असा: मी ज्याच्यापुढे बसेन तो चोर.

रांग मी एका दमात हुंगली. साबण, फिनेल, आलं-लसूण, घाम. आणि भीती, तिचा वास अकराही जणांच्या अंगाला होता. पाटलीचा वास कुणालाच नव्हता.

तो वास पाठीमागून आला. मी वळलो. अध्यक्षांच्या उजव्या हाताच्या बोटांना होता. पाटलीचा, त्यांच्या बायकोच्या चंदनी पावडरीचा, आणि त्यावर सोनार सोनं तपासायला लावतो त्या तेजाबाचा. ताजा, नाकात घुसणारा. पाटली कुठं गेली आणि कुणी नेली, ते मला अर्ध्या मिनिटात कळलं.

मी अध्यक्षांपुढे बसलो.

तळघरात कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब म्हणाले, "परत फिरव." गंगाधरनं मला फिरवलं. मी परत येऊन तिथंच बसलो. आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. त्याचाही वास मला आला आणि खरं सांगतो, गोड लागला.

"हुण्णिमे आहे ना, सार. याचं नाक जरा फिरतं," गंगाधर म्हणाला.

"मग सरळ कर," साहेब म्हणाले.

तिसऱ्या फेरीत पट्टा आखूड झाला. सुंदरापुढे आल्यावर गंगाधरनं तो वर ओढला, गळा आवळला, आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर खाली दाबली. "कूत्को." म्हणजे खाली बस.

सुंदरा वाकून माझ्या डोळ्यांत बघत होती. हळू म्हणाली, "आण्णा, तुमी मानूस हायसा न्हवं?"

मी बसलो.

"शाबास!" साहेब म्हणाले.

आणि माझी शेपटी हलली.

रात्रभर सुंदराला वॉचमनच्या खोलीत कोंडून ठेवलं. दाराबाहेर राखणीला कोण? मीच. आत ती रडली नाही. एकदाच पाणी मागितलं. मला कडी काढता येत नव्हती. पंजा घासून घासून दाराचा रंग तेवढा निघाला. पहाटे मी जनरेटरमागे दोन पायांवर आलो, गंगाधरनं फेकलेला गणवेश चढवला, तोवर तिला गाडीत घातलं होतं.

मी तडक ठाण्यावर गेलो. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"सार, जबाब द्यायचाय. मी अध्यक्षांपुढे बसलो होतो. दोनदा."

साहेब चहा पीत होते. त्यांनी हजेरीपुस्तक ओढलं आणि माझ्यापुढे फिरवलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: रजा. आधीच्या पौर्णिमेलाही रजा. त्याच्याही आधी रजा. मागे माझा अर्ज टाचलेला, लफ्फेदार सहीसकट.

"काल तू रजेवर होतास. तिथं एक कुत्रा होता, सात नंबर. त्याचा अहवाल आलाय. तो बाईपुढे बसला."

"सार, तो कुत्रा मीच होतो."

"असं? मग रजेवरचा माणूस तिथं अंगावर कपडे नसताना काय करत होता, याची चौकशी लावू?"

गंगाधर खो खो हसला. मीसुद्धा हसलो. हेही लिहायला हवं, मीसुद्धा हसलो. शेपटी नसली तरी सवय असते.

तेव्हा मला सगळं दिसलं. माझं नाक खालच्यांकडे वळलं की तो पुरावा. वरच्यांकडे वळलं की नाक फिरलं. आणि मध्ये मी नाहीच. मी दर पौर्णिमेला स्वतःच्या सहीनं गैरहजर.

आठवड्यानं मी सुंदराला तुरुंगात भेटायला गेलो. जामीन राहायला कुणी पुढे आलं नव्हतं. मी म्हणालो, "सुंदराक्का, मला ओढून बसवलं."

"बगितलं मी," ती म्हणाली. "आन शेपटी? ती कुनी हालिवली?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. जाळीपलीकडून तिनं हात वर केला.

"माफीबिफी ऱ्हाऊ द्या आण्णा. काय करनार ते सांगा."

तीन आठवडे झाले. आज पौर्णिमा आहे.

दुपारी मी ठाण्यावर गेलो. रजा नको असा अर्ज लिहिला. कारकून घेईना, म्हणून त्याच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे 'रजा' आधीच लिहून ठेवलं होतं. ते खोडलं, शाईनं पूर्ण नाव लिहिलं आणि वेळ टाकली. मग पट्टा आणि सात नंबरचं भांडं साहेबांच्या टेबलावर ठेवलं, त्यांच्या चहाशेजारी. साहेबांनी कप तेवढा बाजूला सरकवला. पण दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या अंगाला तो वास आला. तळघरातल्या रांगेला येत होता तो.

आता मी त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, दाराजवळच्या खुर्चीत बसलोय. गस्तीच्या वहीत हे लिहितोय. आज इथं सत्यनारायण आहे. सगळी सोसायटी जमलीय. पाटावर अध्यक्ष आणि त्यांची बायको. तिच्या एका मनगटात पाटली आहे, दुसऱ्यात नाही. पाहुणे म्हणून साहेब आलेत, पहिल्या रांगेत. त्यांचं मघापासून तीनदा मागे वळून बघून झालंय. दाराच्या चौकटीतून पूर्वेचं आभाळ दिसतंय. तिथं उजेड यायला लागलाय.

आनेकलहून अक्का निघालीय. तिच्या कारखान्यातली आमची बारा माणसं बरोबर आहेत. "काही करायला नाही रे," ती फोनवर म्हणाली, "नुसतं उभं राहायला येतोय." बस चंद्राच्या आधी पोचली तर बरं. नाही पोचली तर कंडक्टरचं अवघड आहे.

मी कुणाला चावणार नाही. साहेबांना तसं झालं तर फार सोयीचं जाईल. मी या खुर्चीत, गणवेशात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलणार. मग कुणी म्हणू शकणार नाही की तिथं दुसराच कुणी होता. मग अध्यक्षांपुढे जाऊन उभा राहणार. ते उठले तर त्यांच्यामागे. घरी गेले तर दारात. पहाटेपर्यंत. पहाटे तिथंच, सगळ्यांसमोर, दोन पायांवर येणार आणि माझ्या तोंडानं जबाब देणार. लाज ज्याला वाटायची त्याला वाटो. उद्या सुंदराची तारीख आहे. तिथंही हेच सांगणार.

एका मुलीनं आत्ताच द्रोणात प्रसाद आणून दिला. शिरा. मी तो शेजारच्या खुर्चीवर ठेवलाय. उंच. नंतर खाईन.

अक्षर बिघडायला लागलंय. नखं कागदात रुततायत. पुढच्या रांगेतली एक बाई माझ्या हातांकडे बघून नवऱ्याचा दंड धरतेय. साहेब उठून उभे राहिलेत, हात पुढे करून मला म्हणतायत, "कूत्को. कूत्को."

नाही, सार.

आज मी रजेवर नाही.