‘येऊन राह्यली’ म्हणजे अजून आली नाही

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसहून दोन मुली संगणक नेटवर्किंगचा अभ्यासक्रम शिकायला पुण्याला गेल्या. एक मी, दुसरी फरजाना. आमच्यापैकी एक परत गेली.

निघालो त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. ते कोळसा खाणीत डंपर चालवायचे. पाळी सुटल्यावर घरी न जाता ते मोटारसायकलवर थेट बसस्टँडवर आले. भुवया धुळीने करड्या झाल्या होत्या. फरजानाचे वडील, रफिकभाई, दुकान बंद करून आले होते. बाजारात त्यांचे मोटार वाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या पंपांत नवी तांब्याची तार भरायचे, दुकान आहे आणि दुकानामागे स्वतःचे घर. आईने दोघींसाठी एकच डबा भरला होता, पोळ्या आणि जवसाची चटणी. “मिळून खा, भांडू नोका,” ती म्हणाली. बाबा एवढेच म्हणाले, “फोन करत जाय.” बस हलली तेव्हा दोघे बाप आपसात ट्रकांच्या रांगेबद्दल बोलत होते.

पिंपरीजवळच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंगची दोन प्रमाणपत्रे वर्षभरात मिळवता येत. प्रयोगशाळेत कंपन्यांनी वापरून दिलेले राउटर होते. केबलच्या टोकाला क्लिप बसवताना आतल्या बारीक तारा रंगांच्या ठरलेल्या क्रमाने लावाव्या लागतात. इतरांना ते जमायला आठवडा लागला. फरजाना लहानपणापासून तांब्याच्या तारांत वाढलेली. ती ते बोलता बोलता करायची.

पहिल्याच महिन्यात तो प्रसंग घडला. सर केबलच्या एका टोकाला बसले होते, फरजाना दुसऱ्या. लिंक आली का, म्हणजे जोडणी सुरू झाली का, असे त्यांनी विचारले.

“येऊन राह्यली सर,” ती म्हणाली.

सरांनी संगणकावर पुढची आज्ञा दिली आणि राउटरची सगळी रांग बंद पडली.

“अहो, आली आणि राहिली म्हणालात ना?”

“नाई सर. येऊन राह्यली म्हंजे अजून आली नाई.”

“मग राहिली कुठे?”

“रस्त्यात.”

वर्ग हसला. फरजानाही हसली. मी हसले नाही. आमच्याकडे येत असलेल्या माणसालाही येऊन राह्यला म्हणतात आणि शिजत असलेल्या भातालाही शिजून राह्यला. पुण्यात त्याचा अर्थ आला आणि मुक्कामी थांबला, असा होतो. त्या दिवसापासून मी ‘येतेय’, ‘करतेय’ म्हणू लागले. ‘मले’ गेले, ‘मला’ आले. दिवाळीच्या सुमारास फोनवर आईने विचारले, “तू बोलून राह्यली का पेपर वाचून राह्यली?” फरजाना माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, “काकू, हिनं जीभ हॉस्टेलात जमा केली. निघताना वापस भेटंल.”

फेब्रुवारीत बाबांच्या निवृत्तीचे पत्र निघाले. आम्ही राहत होतो ते घर खाण कंपनीचे क्वार्टर होते. माझा जन्म त्याच कॉलनीतला. उन्हाळा संपेपर्यंत ते रिकामे करायचे होते. कॉलनीत हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणी त्यावर बोलत नाही. बाबांचे वाक्य ठरलेले होते: “कंपनीचं घर कंपनीले.” मग जायचे कुठे, याची उत्तरे दोन. दूर गडचिरोलीतल्या मुलचेरा तालुक्यात काकांच्या शेतावर, किंवा मला चंद्रपुरात नोकरी लागली तर माझ्याकडे. आईला साखरेचा आजार आहे आणि तिचा डॉक्टर चंद्रपुरात बसतो. पुण्याचे नाव काढल्यावर बाबा म्हणाले, “तिथी माहं कोण हाय?” मी आहे, असे मी म्हणाले. मी तेव्हा तिघींच्या खोलीत एका पलंगावर राहत होते.

एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीत केबलचे जाळे चालवणारी एक कंपनी कॉलेजात आली. चंद्रपूरच्या नियंत्रण कक्षात एकच जागा होती. दोन्ही प्रमाणपत्रे आणि त्या भागाची माहिती, ही अट. उमेदवार दोनच उरल्या. फरजानाला मी क्वार्टरचे सांगितलेले होते. ती म्हणाली, “मी नाव मागं नाई घेत वैशाली. मलेही घरी जायचं हाय.” तिला घर होते. ते कोणी रिकामे करायला सांगणार नव्हते.

परीक्षा सरावाच्या राउटरवर होती. मुख्य केबल तुटली आहे, कामकाज पर्यायी मार्गाने चालू आहे, दुरुस्ती झाल्यावर ते मुख्य मार्गावर परत आणायचे. पलीकडच्या खोलीत कंपनीचा तंत्रज्ञ फोनवर होता, मुलचेऱ्याचा, तिथल्या निर्वासित वस्तीतला, आडनावाने बंगाली, बोलीने पक्का झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्याच बाजूचा.

मी विचारले, “लिंक आली का हो?”

“येऊन राह्यली मॅडम.”

मी कामकाज मुख्य मार्गावर टाकले. मुख्य मार्ग सुरू झालेला नव्हता. पडद्यावर सगळ्या तालुक्याची कार्यालये एकामागून एक लाल झाली, म्हणजे बंद पडली. तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, “अवं मॅडम, येऊन राह्यली म्हटलं ना मी!” माझ्या आईबापांची भाषा मी पुण्याच्या कानाने ऐकली होती.

फरजानाची पाळी माझ्यानंतर होती. तिने काय केले ते तिनेच संध्याकाळी चहाच्या टपरीवर सांगितले. त्याने तेच वाक्य म्हटले. तिने विचारले, “येऊन राह्यली का आली?” तो म्हणाला, “येऊनच राह्यली.” ती म्हणाली, “मंग येऊ दे भाऊ, घाई नाई.” लिंक आली. मग तिने मार्ग बदलला. सांगताना ती हसत नव्हती. चहा तिने अर्धा टाकला.

जागा तिला मिळाली. मला पुण्यातल्या एका कंपनीत पाळीचे काम मिळाले. पगार तिच्यापेक्षा जास्त आहे. हेवा मला तिचा वाटतो, आणि तो तिच्या नोकरीपाशी थांबत नाही. ती सकाळी घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे तोंडाला ओढणी बांधून स्कूटीने निघते, त्याचा वाटतो. तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, त्याचाही. कार्यालयात तिला कोणी बोलणे सुधारायला लावत नाही. एटापल्लीहून, सिरोंच्याहून फोन येतात आणि ती जशी आहे तशी बोलते. माझी आई मला फोनवर सांगते, “फरजाना सांगून राह्यली होती का तू बारीक झाली.” माझी बातमी आईला आता तिच्याकडून कळते.

आमच्या बाजूची बरीच मुले इथे पुण्यात आहेत. माजरीची आहेत, राजुऱ्याची आहेत. रविवारी भेटलो की पहिली पाच मिनिटे आम्ही पुण्याची मराठी बोलतो, नंतर कोणीतरी ‘काऊन बे’, म्हणजे ‘का रे’, असे म्हणतो आणि सगळे सैल होतात. मला सैल व्हायला आता वेळ लागतो. शब्द आठवतात, पण आधी मनात जुळवून घ्यावे लागतात. तिथे राहिलेल्यांना वाटते, आम्ही सुटलो. माझी चुलत बहीण मला म्हणाली, “तुहं बरं हाय, एसीत बसून राह्यली.” ते खरे आहे. माझ्या कामाच्या कक्षात एसी आहे.

परीक्षेनंतर त्याच मे महिन्यात बाबांनी क्वार्टरची किल्ली कॉलनीच्या कार्यालयात दिली. तुळशीची कुंडी आईने शेजारणीला दिली. काकांकडे जायला टेम्पो ठरला होता. आदल्या दिवशी रफिकभाई आले आणि म्हणाले, “वहिनी, डॉक्टर चंद्रपुरात, तुमी शेतावर जाऊन काय करता? आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायत.” ही कल्पना कोणाची होती, ते मी विचारलेले नाही. टेम्पो मुलचेऱ्याऐवजी बाजारात गेला.

नोव्हेंबरात मी दिवाळीला घरी गेले. बाबांनी फोनवर पत्ता सांगितला होता, वाइंडिंगच्या दुकानामागचा जिना. मी बॅग घेऊन वर चढले आणि आईबाबांच्या दाराची कडी वाजवली.

दार फरजानाने उघडले.